पेडल एक, ब्रेक दोन : हायब्रिड गाडी आणि बोरघाटाचे गणित

हायब्रिड गाड्यांची जाहिरात इंधनबचतीच्या आकड्यांवर होते. ही बचत ज्या ब्रेकमधून साधते, त्या ब्रेकची मर्यादा मात्र ग्राहकाला क्वचितच समजावून सांगितली जाते. शहरातील सिग्नलवर ही मर्यादा जाणवत नाही. घाट उतरताना ती समोर येते.

नेरे (पनवेल) : माथेरानच्या डोंगरपायथ्याशी वसलेले नेरे हे गाव शहरवासीयांना अनेक वर्षे परिचित होते ते 'शांतिवन' या संस्थेमुळे आणि गाढेश्वर परिसरातील पावसाळी सहलींमुळे. पनवेलचा विस्तार होत गेला तशी सुकापूरमार्गे नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गृहसंकुले उभी राहू लागली. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि या पट्ट्याकडे घर घेणाऱ्यांचे लक्ष अधिकच वळले. रोज पनवेल वा नवी मुंबईला गाडीने ये-जा आणि सुटीच्या दिवशी पुण्याची फेरी, असा येथील अनेक नोकरदार कुटुंबांचा क्रम असतो. पेट्रोलचा खर्च वाचवणारी, पण चार्जिंगची चिंता नसणारी हायब्रिड गाडी अशा कुटुंबांना सोयीची वाटावी, यात नवल नाही.

परंतु या कुटुंबाचे दोन रस्ते दोन अगदी वेगळ्या प्रकृतीचे आहेत. नेरे ते पनवेल हा सपाट, गर्दीचा, पावलापावलावर थांबायला लावणारा रस्ता. पुण्याहून परतताना लागणारा बोरघाट म्हणजे सलग काही किलोमीटरचा उतार. गाडी तीच, चालक तोच आणि पायाखालचे ब्रेकचे पेडलही तेच. त्या पेडलमागे काम करणारी यंत्रणा मात्र दोन ठिकाणी सारखी वागत नाही. ती कशी वागते आणि का, हे जाणून घेणे हा आता केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही.

वेगाची ऊर्जा जाते कोठे?

धावत्या गाडीत ऊर्जा साठलेली असते. गाडी थांबवायची म्हणजे ती ऊर्जा कोठेतरी घालवायची. नेहमीच्या गाडीत हे काम घर्षणाने होते. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब चाकांपर्यंत पोहोचतो, पॅड डिस्कला चिमटीत पकडतात, डिस्क तापते आणि ती उष्णता हवेत विरून जाते. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग अशा रीतीने दर सिग्नलला उष्णतेच्या रूपाने फेकून दिला जातो.

हिशेब मांडला तर हे अधिक स्पष्ट होते. दीड टन वजनाची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे ९३ हजार ज्यूल भरते. घरच्या विजेच्या बिलावर ज्याला आपण एक युनिट म्हणतो, त्याचा हा साधारण चाळिसावा भाग. म्हणजे चाळीस वेळा सिग्नलला थांबले की एक युनिट ऊर्जा वाया गेली. एका युनिटमध्ये सुमारे ११ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येते. शहरातील गाडी रोजच्या रोज एवढी उष्णता रस्त्यावर ओतत असते.

हायब्रिड गाडीने यावर काढलेला तोडगा तत्त्वतः जुनाच आहे. विद्युत मोटरला वीज दिली की ती चाक फिरवते. उलट चाकाने मोटर फिरवली की ती जनित्र बनते व वीज देते. वीज निर्माण करताना मोटर चाकाला विरोध करते आणि हाच विरोध गाडीला रोखणारा ब्रेक ठरतो. या पद्धतीला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. ऊर्जा परत मिळवून देणारा ब्रेक, असे तिचे सोपे वर्णन करता येईल.

मुंबईकर ही पद्धत नकळत अनेक वर्षे वापरत आले आहेत. २००७ पासून उपनगरी मार्गावर आलेल्या नव्या लोकल गाड्या स्थानकात शिरताना मोटरच्या साह्याने वेग कमी करतात आणि निर्माण झालेली वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत पाठवतात. तेथे ती दुसऱ्या लोकलच्या उपयोगी पडते. दिल्ली मेट्रोच्या याच पद्धतीच्या ऊर्जाबचतीची नोंद २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत झाली. रेल्वेगाडी आणि मोटारगाडी यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. लोकलच्या डोक्यावर तार असते व त्या तारेवर वीज घेणारे दुसरे कोणीतरी बहुधा असते. हायब्रिड गाडीला परत मिळालेली वीज ठेवण्यासाठी स्वतःच्या छोट्या बॅटरीखेरीज दुसरी जागा नसते. पुढील सारा प्रश्न या एका फरकातून निर्माण होतो.

पेडल ही केवळ 'मागणी'

जुन्या पद्धतीच्या गाडीत पेडल आणि चाक यांचे नाते थेट असते. पायाचा जोर बूस्टरने वाढतो, मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल ढकलले जाते आणि पॅड डिस्कवर बसतात. पूर्ण हायब्रिड गाड्यांत हे नाते सर्वसाधारणपणे तुटलेले असते. चालकाने पेडल किती दाबले, किती झपाट्याने दाबले, याची नोंद सेन्सर घेतात. पायाला नेहमीसारखा प्रतिकार जाणवावा म्हणून पेडलामागे त्यासाठीच वेगळी रचना केलेली असते. पेडल म्हणजे येथे आज्ञा नसून मागणी असते. 'गाडीचा वेग इतक्या प्रमाणात कमी करा' ही ती मागणी.

ही मागणी कशी पुरवायची हे संगणक ठरवतो. मोटरकडून किती रोध मिळेल, बॅटरीत किती वीज मावेल, बॅटरीचे तापमान किती आहे, गाडीचा वेग काय आहे, एखादे चाक घसरते आहे काय, या गोष्टी तो सतत पाहत असतो. जेवढा भाग मोटरला झेपतो तेवढा तो मोटरवर सोपवतो आणि उरलेला घर्षण-ब्रेककडे देतो. ही वाटणी एकदा ठरवून संपत नाही. गाडी थांबेपर्यंत ती क्षणाक्षणाला बदलत राहते. वाटणी कशीही बदलली, तरी दोहोंची बेरीज चालकाच्या मागणीइतकीच यावी, ही या यंत्रणेची खरी कसोटी.

अर्थात, विजेवर चालणारी यंत्रणा बंद पडण्याचीही शक्यता असते. म्हणून अशा गाड्यांत पर्यायी मार्ग राखून ठेवलेला असतो. बिघाड झाल्यास पायाचा दाब थेट ब्रेक ऑइलमार्फत चाकापर्यंत पोहोचतो. पेडल कडक लागते, जोर अधिक लावावा लागतो. पण ब्रेक लागतो. या शेवटच्या वाटेवर मोटर किंवा बॅटरी कामाची नसते. तेथे असतात ते पॅड आणि डिस्क.

कोणाचा वाटा किती?

सिग्नल दुरून दिसला, चालकाने हलकेच पेडल दाबले आणि ताशी ४० किलोमीटरची गाडी सावकाश मंदावली, तर सुरुवातीला सुमारे २४ किलोवॉट एवढीच शक्ती शोषावी लागते. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या २०२२ मध्ये बाजारात आलेल्या गाड्यांच्या पूर्ण हायब्रिड आवृत्तीत ५९ किलोवॉटची मोटर आहे. तिला हा भार जड नाही. बॅटरीत जागा असेल तर बहुतेक काम मोटर करते आणि पॅड डिस्कला जेमतेम टेकतात.

आता दुसरे चित्र. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगात असताना पुढचा ट्रक अचानक थांबला आणि चालकाने पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. त्या पहिल्या क्षणी दीड टनाच्या गाडीतून ३०० किलोवॉटहून अधिक शक्ती शोषून घ्यावी लागते. ५९ किलोवॉटची मोटर आणि त्याहूनही कमी वीज एका वेळी स्वीकारू शकणारी बॅटरी यांना हे काम झेपणे शक्य नाही. शिवाय पुढची चाके चालवणाऱ्या गाडीत मोटरचा रोध फक्त पुढच्या चाकांनाच मिळतो; मागच्या चाकांना त्याचा उपयोग नसतो. म्हणून आणीबाणीच्या प्रसंगी गाडी थांबवतो तो घर्षण-ब्रेकच.

याखेरीज दोन प्रसंगांत मोटर मागे सरते. गाडी अगदी सावकाश, पायी चालण्याच्या वेगाच्या जवळ आली की मोटरकडून मिळणारी वीज नगण्य होते आणि शेवटचे काही मीटर पॅड सांभाळतात. काही गाड्यांत थांबता थांबता जो किंचित हिसका जाणवतो, तो या हस्तांतराचा. दुसरा प्रसंग चाक घसरण्याचा. अशा वेळी एबीएस यंत्रणेला प्रत्येक चाकाचा दाब स्वतंत्रपणे कमी-जास्त करावा लागतो. तो सूक्ष्म खेळ घर्षण-ब्रेकवरच नेमका खेळता येतो, त्यामुळे मोटरचा रोध काढून घेतला जातो.

२०१० चा धडा

हे हस्तांतर किती नाजूक असते, याचे उदाहरण जगाने २०१० मध्ये पाहिले. १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेली टोयोटा प्रियस ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली हायब्रिड गाडी. तिची तिसरी पिढी २००९ मध्ये आली आणि काही महिन्यांतच जपान व अमेरिकेतून तक्रारी येऊ लागल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबलेला असताना गाडी क्षणभर पुढे सरकल्यासारखी वाटते, अशी ती तक्रार होती.

तपासात दोष पॅडमध्ये नव्हता की मोटरमध्येही नव्हता. चाक खड्ड्यावरून उडाले की एबीएस जागे होई, मोटरचा रोध काढला जाई आणि काम घर्षण-ब्रेककडे सोपवले जाई. या सोपवण्याच्या अल्प क्षणात मागणी आणि पुरवठा यांचा मेळ चालकाच्या अपेक्षेप्रमाणे राहत नसे. पाय तोच जोर देत असताना रोध मात्र कमी मिळे. पेडल अधिक जोराने दाबल्यास गाडी थांबत असे. पण 'अधिक दाबा' हे घाबरलेल्या चालकाला त्या क्षणी कोण सांगणार? फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने जगभरातील चार लाखांहून अधिक हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. दुरुस्तीसाठी एकही सुटा भाग बदलावा लागला नाही. बदलली ती एबीएसची संगणकीय आज्ञावली.

याच वर्षीच्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात प्रियस भारतीय बाजारात दाखल झाली होती. तिच्या मोठ्या किमतीमुळे येथे ती फारशी दिसली नाही. तंत्रज्ञान त्यानंतर बरेच पुढे गेले आहे आणि आजच्या गाड्यांवर तो जुना दोष लादणे अन्यायाचे ठरेल. पण खड्डा आणि ओला रस्ता यांतून ज्या गाडीची परीक्षा झाली, ती गाडी पनवेल परिसराच्या पावसाळ्यात चालवणाऱ्यांनी हा इतिहास ठाऊक ठेवावा. ब्रेक हे आता लोखंडाइतकेच आज्ञावलीचेही काम झाले आहे. कंपनीने गाडी सुधारणेसाठी बोलावली, तर ते पत्र बाजूला टाकण्याजोगे नसते, एवढा बोध त्यातून नक्की घेता येईल.

घाट उतरताना

आता बोरघाट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि खोपोली साठ-सत्तर मीटरवर. म्हणजे सुमारे १५ किलोमीटरच्या रस्त्यात गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १६०० किलो मानले, तर या उतारात तिची जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे २.४ युनिट भरते. ताशी साठच्या वेगाने उतरताना टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांत तिचा निम्म्याहून थोडा अधिक भाग खर्ची पडतो. उरलेले सुमारे एक युनिट ब्रेकने शोषायचे असते. शहरातील चाळीस सिग्नलांचे काम येथे पंधरा-वीस मिनिटांत येते.

हे एक युनिट बॅटरीत मावेल काय? वर उल्लेखिलेल्या ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या हायब्रिड आवृत्तीतील बॅटरीची एकूण क्षमताच पाऊण युनिटाच्या जवळपास, ०.७६ युनिट आहे. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून ती कधीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू दिली जात नाही. मधला पट्टाच वापरला जातो. लोणावळ्याला पोहोचेपर्यंत ती अर्धवट भरलेली असणार. तेव्हा मोकळी जागा उरते ती फार तर पाव युनिटाची. मोटर व बॅटरीतील ऊर्जेची गळती हिशेबात धरली, तरी घाट संपण्याच्या बऱ्याच आधी बॅटरी 'आता पुरे' असे म्हणते.

त्या क्षणी चालकाला बहुधा एकच खूण दिसते. वेग वाढवलेला नसतानाही इंजिनचा आवाज एकाएकी चढतो. अनेकांना हा बिघाड वाटतो. वास्तविक गाडी त्या वेळी उरलेली वीज घालवण्यासाठी, इंधन न जाळता, इंजिन फिरवत असते. टोयोटा पद्धतीच्या गाड्यांत गिअरच्या दांडीवर असणाऱ्या 'बी' या खुणेचाही हाच उपयोग. ती निवडली की इंजिनचा विरोध वापरात येतो. जुन्या चालकांनी 'घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा' असा जो दंडक घालून दिला होता, त्याचेच हे नवे रूप म्हणता येईल. अनेक चालक मात्र 'डी'वरच घाट उतरतात आणि 'बी' म्हणजे 'बॅटरी' असावे, असा तर्क करतात.

इंजिनचा विरोधही पुरला नाही तर उरलेला सारा भार घर्षण-ब्रेकवर येतो. पेडल तेच असल्याने हा बदल चालकाला कळत नाही. आतापर्यंत थंड असलेले पॅड तापू लागतात. सुटीच्या संध्याकाळी घाटात कोंडी असेल तर गाडी हळू उतरते, हवेचा विरोध कमी होतो आणि ब्रेकच्या वाट्याला येणारी ऊर्जा उलट वाढते. सततच्या दाबाने पॅड अति तापले की त्यांची पकड ढिली होते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यातील पाण्याची वाफ होऊन पेडल खोल जाते. 'ब्रेक लागेनासे झाले' या वाक्याने सुरू होणाऱ्या घाटातल्या अनेक बातम्यांमागे हेच भौतिकशास्त्र असते. २६ जुलै २०२५ रोजी खोपोलीजवळ द्रुतगती मार्गावर ब्रेक निकामी झालेल्या कंटेनरने सुमारे २० वाहनांना धडक दिली. ती अवजड वाहनाची दुर्घटना होती. हायब्रिड मोटारीची तुलना तिच्याशी थेट करता येणार नाही. परंतु उतार कोणालाही सूट देत नाही, याची आठवण तिने करून दिली.

खोपोली ते कुसगाव दरम्यानच्या 'मिसिंग लिंक' प्रकल्पाचा हेतू घाटातील वळणावळणाचा भाग टाळण्याचा आहे. तेथेही गाडीला खाली उतरायची उंची जवळपास तेवढीच राहते. वळणे टळतात, गुरुत्वाकर्षण टळत नाही. पूर्ण विद्युत गाडीला या बाबतीत मोठी सवलत आहे, कारण तिची बॅटरी हायब्रिडच्या कित्येक पट मोठी असते. पण लोणावळ्याला शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरणाऱ्या विद्युत गाडीपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. भरलेल्या घागरीत पाणी मावत नाही.

न झिजणाऱ्या ब्रेकची काळजी

हायब्रिड गाडीचे पॅड अधिक काळ टिकतात, हे खरे आहे. जे वापरलेच जात नाही ते झिजणार तरी कसे? परंतु विक्रेत्याच्या तोंडी 'कमी झिजतात' याचे 'पाहावेच लागत नाहीत' असे रूपांतर होते, तेव्हा धोका सुरू होतो. कोकणाच्या दमट हवेत लोखंडी डिस्कवर एका रात्रीत गंजाचा थर चढतो. साध्या गाडीत तो सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो. हायब्रिड गाडीत पॅड डिस्कला नीट घासतच नाहीत, त्यामुळे गंज साचत राहतो. पॅड ज्या पिनांवर सरकतात त्या पिना वापराअभावी जाम होतात. मग घाटात अचानक पूर्ण ब्रेकची गरज पडते, तेव्हा चारांपैकी एखादे चाक आपले काम निम्म्यानेच करते.

ब्रेक ऑइल गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा किती महिने जुने झाले यावर खराब होते, कारण ते हवेतील ओलावा शोषते. पॅड जाड आहेत म्हणून ऑइल बदलणे लांबवणे, ही चुकीची काटकसर आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, अधूनमधून थोडा जोराचा ब्रेक लावून डिस्क स्वच्छ करणे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर चारही चाके उघडून पाहणे. ब्रेक ऑइल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलणे, एवढी पथ्ये पुरेशी आहेत.

दुसरा प्रश्न गॅरेजचा. हमीची मुदत संपली की बहुतेक गाड्या घराजवळच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे जातात. नव्या यंत्रणेत ब्रेक ऑइल बदलून हवा काढण्यासाठी अनेकदा संगणकीय उपकरण जोडावे लागते. काही हायब्रिड गाड्यांत चालकाचे दार उघडताच ब्रेकचा पंप आपोआप दाब तयार करतो. पॅड बदलणाऱ्याचा हात अशा वेळी आत असेल तर इजा होऊ शकते. नारिंगी रंगाच्या वायरींतून शेकडो व्होल्ट दाबाची वीज वाहते, तिला हात लावण्याआधी ती खंडित करावी लागते. हे ज्ञान कंपन्यांच्या अधिकृत केंद्रांत आहे. ते तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत पोहोचले पाहिजे.

'हायब्रिड' म्हणजे कोणती?

गोंधळात भर पडते ती नावामुळे. २०१५ पासून 'स्मार्ट हायब्रिड' या नावाने विकल्या गेलेल्या सौम्य हायब्रिड गाड्यांत इंजिनच्या पट्ट्याला जोडलेले छोटे जनित्र असते. ते थोडी वीज परत मिळवते. पण त्याचा रोध नाममात्र असतो आणि गाडी थांबवण्याचे जवळपास सगळे काम नेहमीच्या ब्रेककडेच राहते. पूर्ण हायब्रिड गाडीत पेडल व चाक यांच्यामध्ये संगणक असतो. दोन्ही गाड्यांच्या मागे 'हायब्रिड' हीच अक्षरे झळकतात. एकीची सवय दुसरीला लागू पडत नाही, हे मात्र ग्राहकाला कळत नाही.

सरकारी धोरणानेही हायब्रिडकडे प्रामुख्याने कराच्या आणि इंधनाच्या चष्म्यातून पाहिले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या रचनेत विद्युत गाड्यांवर ५ टक्के, तर हायब्रिड गाड्यांवर आकारमानानुसार १८ किंवा ४० टक्के कर ठरला. हायब्रिडला विद्युत गाडीसारखी सवलत असावी की नसावी, यावर बरीच चर्चा झाली. ग्रँड विटाराच्या हायब्रिड आवृत्तीचा लिटरला २७.९७ किलोमीटरचा प्रमाणित आकडा घराघरांत पोहोचला. बॅटरी भरल्यावर ब्रेक कसा वागतो, हे मात्र गाडीच्या जाडजूड इंग्रजी पुस्तिकेत कोठेतरी मधल्या पानावर राहिले.

नियमांची चौकट अर्थातच आहे. भारतात एबीएस एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत सक्तीचे आहे आणि वाहनांच्या ब्रेकची चाचणी पुण्यातील 'एआरएआय'सारख्या संस्थांमध्ये होते. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमात मोटरच्या रोधाने गाडी किती झपाट्याने मंदावली की मागचा लाल दिवा लागलाच पाहिजे, हेदेखील ठरवलेले आहे. चालकाने पेडलला पायही न लावता गाडी मंदावू शकते, म्हणून मागून येणाऱ्याला सूचना मिळावी हा त्यामागील हेतू. यंत्राची परीक्षा होते. त्याच्या वापराची माहिती देण्याची जबाबदारी मात्र कोणावर ठामपणे टाकलेली दिसत नाही.

माहिती हाही सुरक्षेचा भाग

हायब्रिड गाडी असुरक्षित आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. दोन ब्रेकांची सांगड नीट जमली की शहरात इंधन वाचते, पॅडची धूळ कमी उडते आणि उतारावरही मोटर व इंजिन मिळून घर्षण-ब्रेकचा बराच भार हलका करतात. नेरे-पनवेल रस्त्यावर दर थांब्याला वेगाचा काही भाग विजेच्या रूपाने परत मिळणे, ही या तंत्रज्ञानाची खरी कमाई आहे. मात्र परत मिळवणे हे बचतीचे काम आहे आणि थांबवणे हे सुरक्षेचे. पहिले काम परिस्थितीनुसार कमी-अधिक होऊ शकते. दुसऱ्यात तशी सवलत नसते. म्हणून शेवटचा अधिकार आजही पॅड आणि डिस्क यांचाच आहे.

गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने दहा मिनिटे काढून 'बी' म्हणजे काय, बॅटरी भरल्यावर इंजिन का घुमते आणि घाटात वेग आधीच का कमी करावा, हे मराठीत समजावून सांगितले, तर फार मोठा खर्च येणार नाही. द्रुतगती मार्गावर घाट सुरू होण्यापूर्वी 'लहान गिअर वापरा' अशा सूचना असतात. स्वयंचलित आणि हायब्रिड गाड्यांच्या चालकांना समजेल असा त्यांचा नवा मजकूर लावता येईल. वाहन परवान्याच्या परीक्षेतही या विषयावर एखादा प्रश्न असायला हरकत नाही.

पुण्याहून नेऱ्याकडे परतणारे कुटुंब घाटमाथ्यावरून उतारास लागते, तेव्हा मागच्या आसनावर मुले झोपलेली असतात. पुढच्या पंधरा किलोमीटरमध्ये पेडलामागचे काम मोटरकडून इंजिनकडे आणि इंजिनकडून पॅडकडे कितीदा जाईल, हे चालकाला दिसणार नाही. ते दिसण्याची गरजही नाही. ते ठाऊक असले म्हणजे पुरे.